तीन वाटा एक झाल्या. आपले संशोधन कोठे आहे?

काही वर्षांपूर्वीपर्यंत मध्यमवर्गीय घरात तीन वस्तू तीन जागी असत. बाहेरच्या खोलीत दूरचित्रवाणी संच, कोपऱ्यातल्या तिवईवर विणलेल्या रुमालाखाली दूरध्वनी, आणि मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीला असेल तर टेबलावर संगणक. तिन्हींच्या तारा वेगळ्या, बिले वेगळी आणि दुरुस्तीला येणारी माणसेही वेगळी. केबलवाल्याला फोनमधले काही कळत नसे आणि टेलिफोनच्या लाइनमनला ॲंटेनाशी देणेघेणे नसे. आज या तिन्ही वस्तू तळहातावर मावणाऱ्या एका फोनमध्ये येऊन बसल्या आहेत. त्यावरच आपण बोलतो, त्यावरच क्रिकेटचा सामना पाहतो आणि त्यावरच परीक्षेचा निकाल शोधतो. इंग्रजीत या घटनेला 'कन्व्हर्जन्स' म्हणतात. मराठीत आपण त्याला 'संगम' म्हणू. दूरसंचार, प्रसारण आणि संगणकांचे जाळे या तीन प्रवाहांचा हा संगम आहे.

या संगमाचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे. स्नेहसंमेलनाच्या भाषणांतून ते दरवर्षी होतच असते. प्रस्तुत लेखात त्यात भर घालण्याचा हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की, हा संगम घडवला कोणी, आणि त्यात आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावात एम.टेक. वा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा वाटा कोणता? या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. या संगमाचे कित्येक मूळ झरे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतूनच निघाले. त्यापुढचे काही महत्त्वाचे प्रश्न आपल्या पायाखालच्या जमिनीवर, आपल्या नदीकाठी आणि घाटमाथ्यावर उभे आहेत. आणि ते प्रश्न हाती घेण्याऐवजी आपण प्रबंधाच्या नावाखाली बांधीव कागदांचे गठ्ठे कपाटात रचत आहोत.

प्रथम हा संगम झाला कसा, ते थोडक्यात पाहू. जुन्या टेलिफोनमध्ये दोघांच्या बोलण्यासाठी एक वाट राखून ठेवलेली असे. दोघे गप्प बसले तरी ती वाट दुसऱ्या कोणाला मिळत नसे. प्रसारणाची रीत याच्या उलट. एका मनोऱ्यावरून एकच लहर निघे आणि ती हजारो घरांत एकाच वेळी पोचे. ऐकणारा एक असो की लाख, मनोऱ्याला त्याचे सोयरसुतक नसे. संगणकांच्या जाळ्याची रीत तिसरीच. तेथे माहितीचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहितात आणि टपालाच्या पाकिटांप्रमाणे मिळेल त्या वाटेने पाठवून देतात. रीत वेगळी म्हणून यंत्रे वेगळी, यंत्रे वेगळी म्हणून शिकवणारे विभाग वेगळे आणि सरकारी खातीही वेगळी.

हे वेगळेपण मोडले ते आकड्यांनी. माणसाचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजावा आणि दर मोजणी आठ बिटांत लिहावी, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट होतात. टेलिफोनचा आवाज एकदा असा आकड्यांत उतरला की तो आणि संगणकावरचे पत्र यांत तारेच्या दृष्टीने फरक उरत नाही. चित्राचे मात्र एवढे सोपे नव्हते. साध्या दूरचित्रवाणीचे चित्र जसेच्या तसे आकड्यांत लिहिले तर सेकंदाला २१ कोटी ६० लाख बिट लागतात. एवढा भार घराघरांत वाहून नेणारी तार परवडणार कोणाला? चित्राचा अर्क काढून तोच भार चार-पाच मेगाबिटवर आणण्याची युक्ती सापडली, तेव्हाच प्रसारण हे टेलिफोनच्या आणि संगणकाच्या वाटेवर येऊ शकले.

ही युक्ती कोणाची, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? तिच्या मुळाशी जे गणित आहे, त्याला 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' म्हणतात. ते मांडणारे नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. जन्म १९४० चा, अभियांत्रिकीची पदवी बंगळूरचीच. पुढे ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे पैसे मागितले. कल्पना फारच साधी आहे, अशा समजुतीने अर्ज फेटाळला गेला. तरीही त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन हा त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी आणि के. आर. राव हे सहकारी, अशा तिघांच्या नावाने तो निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज फोनवर आलेला लग्नाचा फोटो असो वा घरी पाहिलेला चित्रपट, तो आपल्यापर्यंत पोचतो तो बहुधा याच गणिताच्या किंवा त्याच्या एखाद्या सुधारित रूपाच्या आधाराने. एक शिक्षक, एक विद्यार्थी, एक सहकारी आणि नामंजूर झालेला अर्ज. एवढ्या भांडवलावर हे उभे राहिले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. रॉबर्ट गॅलगर नावाच्या विद्यार्थ्याने १९६० साली एम.आय.टी. या संस्थेत डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता, वाटेत बिघडलेला संदेश दुरुस्त करून घेण्याची एक पद्धत. संदेशाबरोबर काही जास्तीचे बिट अशा हुशारीने पाठवायचे की, दहा-वीस बिट चुकीचे पोचले तरी मूळ मजकूर शोधून काढता यावा. पद्धत उत्तम होती, पण त्या काळच्या संगणकांना तेवढे गणित झेपणारे नव्हते. प्रबंधाचे पुस्तक झाले आणि ते ग्रंथालयात जवळजवळ तीस वर्षे पडून राहिले. १९९० नंतरच्या दशकात डेव्हिड मॅके आदी संशोधकांनी तीच पद्धत पुन्हा उजेडात आणली. २००३ साली उपग्रह दूरचित्रवाणीच्या नव्या युरोपीय मानकात ती आली. पुढे घरातल्या वाय-फायमध्ये आली आणि त्यानंतर पाचव्या पिढीच्या मोबाईलमध्येही आली. म्हणजे प्रसारण, जाळे आणि दूरसंचार या तिन्ही वाटांवर आज एकाच विद्यार्थ्याच्या प्रबंधातील कल्पना राबते आहे. संगम म्हणतात तो हाच. त्याही आधी १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या तरुणाने रिलेच्या उघडझापीला तर्कशास्त्राचे बीजगणित लागू पडते, हे एम.ए.-एम.एस्सी.च्या तोडीच्या प्रबंधात दाखवून दिले होते, आणि आजचे सगळे अंकीय यंत्रशास्त्र त्या पायावर उभे आहे.

यावर कोणी म्हणेल, "हे सारे अमेरिकेतले. तेथे पैसा, तेथे प्रयोगशाळा. बेळगावच्या विद्यार्थ्याने त्याच्याशी बरोबरी कशी करावी?" हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो अगदीच फोल आहे असे नाही. साधनांची उणीव खरी आहे. परंतु साधनांच्या उणिवेतूनच ज्या कल्पना सुचल्या, त्यांचा इतिहास आपल्या दाराशी पडला आहे, त्याचे काय?

कित्तूर हे गाव आपण राणी चन्नम्मांच्या पराक्रमामुळे ओळखतो. भारतीय दूरसंचाराच्या इतिहासातही त्या गावाचे नाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. परदेशी टेलिफोन केंद्रे वातानुकूलित खोलीवाचून चालत नसत. आपल्या खेड्यांत वातानुकूलन दूरच, वीजसुद्धा भरवशाची नव्हती. तेव्हा तिथल्या तरुण अभियंत्यांनी धूळ आणि उष्मा सहन करणारे, १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण केंद्र तयार केले. त्यातले पहिले केंद्र १९८६ च्या जुलैत बसवले गेले ते आपल्या जिल्ह्यातल्या कित्तूरला. पुढे अशीच केंद्रे देशभरच्या खेड्यांत गेली. गरज खेड्याची होती म्हणून यंत्र खेड्यासाठी बनले. शहरासाठी बनलेले यंत्र खेड्यात नेऊन बसवले असते, तर ते पहिल्या उन्हाळ्यातच आटोपले असते.

त्याच्याही दहा वर्षे आधीचा 'साइट' प्रयोग घ्या. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट पोचवले गेले. त्यात कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतली खेडीही होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीचे ॲंटेना छपरांवर बसवले होते. आणि या व्यवस्थेत एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवण्याची सोय होती. चित्र तेच, पण एका राज्यातल्या खेड्यात तेलुगू ऐकू यावी आणि दुसऱ्यात कन्नड. ज्या नियतकालिकात एका मुखपृष्ठाखाली मराठी आणि कन्नड असे दोन विभाग सुखाने नांदतात, त्याच्या वाचकांना या योजनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

ही जुनी उदाहरणे झाली असे वाटत असेल तर अलीकडचे एक देतो. पाचव्या पिढीच्या मोबाईलची मानके जगभर ठरत असताना, ग्रामीण भागासाठी दोन मनोऱ्यांमधले अंतर सुमारे पावणेदोन किलोमीटर धरले होते. आपल्याकडे ऑप्टिकल फायबर पोचते ते ग्रामपंचायतीपर्यंत. मनोरा तेथे उभा करायचा आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्यांना त्याने सांभाळायचे, तर हे अंतर सहा किलोमीटरपर्यंत ताणले गेले पाहिजे. शिवाय आपल्या खेड्यातला माणूस मोटारीने शंभरच्या वेगाने जात नसतो. तो शेतात किंवा ओट्यावर असतो, म्हणून यंत्रणेला वेगाची फिकीर थोडी कमी केली तरी चालते. हा मुद्दा मद्रास आणि हैदराबादच्या आय.आय.टी.तल्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघापुढे मांडला. २०१७ साली ही कसोटी तेथे मान्य झाली, त्यावर आधारलेले भारतीय मानक २०२० साली मंजूर झाले, आणि पुढे त्यातला सारांश जागतिक मानकातच सामावून घेण्यात आला. या साऱ्याच्या मुळाशी काय होते? आपल्या गावाची रचना कशी आहे, हे नीट पाहण्याची सवय. ती पाहण्यासाठी कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तीन वाटा एक झाल्या हे खरे, पण एक होताना प्रत्येक वाटेने काही गमावले आहे. सर्वांत अधिक गमावले ते प्रसारणाने. आकाशवाणीचा धारवाड केंद्राचा कार्यक्रम असो की सांगलीचा, तो लावताना ऐकणाऱ्याला कोणी नाव विचारत नसे, किती वेळ ऐकले याचे पैसे मोजून घेत नसे, आणि दहा लाख माणसांनी एकदम रेडिओ लावला म्हणून कार्यक्रम अडखळत नसे. लहरींना राज्याची सीमाही ठाऊक नव्हती. एकाच संचावर काटा थोडा इकडे फिरवला की कन्नड, थोडा तिकडे फिरवला की मराठी. फोनवरून पाहिलेला कार्यक्रम तसा नसतो. तो प्रत्येकाला वेगळा पाठवावा लागतो. एका गावात तीनशे माणसे आपापल्या फोनवर एकच सामना पाहत असतील आणि प्रत्येकाला सेकंदाला एक मेगाबिट लागत असेल, तर एकाच चित्राच्या तीनशे प्रती होऊन तीनशे मेगाबिटांचा भार गावच्या मनोऱ्यावर पडतो. जुन्या पद्धतीने एकच प्रत पुरली असती. शिवाय कोण काय पाहतो, किती वेळ पाहतो, कोठे थांबतो याची नोंद होते ती वेगळीच.

अर्थात् याचा अर्थ आपण मागे जावे असा नाही. संगमात उतरताना प्रसारणाचा गुण, म्हणजे एकदा पाठवले की सर्वांना मिळावे, विनामूल्य मिळावे आणि नावगाव न विचारता मिळावे, तो राखायचा कसा, हा संशोधनाचा विषय आहे. जगात त्यावर काम चालू आहे. आपल्या देशात प्रसार भारती आणि कानपूरची आय.आय.टी. यांनी बंगळूरच्या एका कंपनीच्या साहाय्याने फोनवर थेट प्रसारण पोचवण्याचे प्रयोग केले आहेत. त्यात इंटरनेट लागत नाही. दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यावरची लहर फोन स्वतःच पकडतो. अडचण अशी की, त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप हवी, आणि फोन बनवणाऱ्यांना वाढत्या खर्चाची धास्ती वाटते. येथे अभियांत्रिकी, अर्थशास्त्र आणि लोकहित हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पदव्युत्तर अभ्यासाला याहून जिवंत विषय कोणता मिळणार?

आपल्या भागापुरता हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही, तो जिवावरचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर आपण विसरलो नसू. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्या महाराष्ट्रातून आपल्या जिल्ह्यात उतरतात. वरच्या अंगाला पाऊस झाला, धरणांतून पाणी सुटले, की काही तासांत चिक्कोडी-निपाणीकडची गावे पाण्याखाली येतात. पाण्याला सीमा नाही. परंतु पाण्याची सूचना मात्र सीमेवर येऊन घोटाळते. सूचना देणारी कचेरी एका राज्यात, घेणारी दुसऱ्या राज्यात. कागद एका भाषेत, वाचणारा दुसऱ्या भाषेत. आणि पूर आल्यावर पहिली वीज जाते, विजेपाठोपाठ मोबाईलचे मनोरे मुके होतात.

२०२३ साली देशभर लोकांचे फोन एकाएकी मोठ्याने वाजले आणि पडद्यावर आपत्कालीन इशाऱ्याचा नमुना झळकला, हे अनेकांना आठवत असेल. बरेचजण घाबरले, काहींनी थट्टा केली. ती चाचणी 'सेल ब्रॉडकास्ट' नावाच्या पद्धतीची होती, आणि ती यंत्रणा सी-डॉटनेच तयार केलेली आहे. या पद्धतीत मनोरा एकेकाला फोन करत बसत नाही. आपल्या टापूतल्या सर्व फोनांना तो एकच संदेश एकदम ऐकवतो. कोणाचा नंबर लागत नाही, आणि बोलण्याच्या वाटा तुंबल्या असल्या तरी संदेश पोचतो. म्हणजे दूरसंचाराच्या अंगात प्रसारणाचा आत्मा घातला आहे. संगमाचे याहून सुंदर उदाहरण मला दिसत नाही.

आता विचार करा. कोगनोळीच्या शेतकऱ्याचा फोन कधी कर्नाटकातल्या मनोऱ्याला चिकटतो, कधी कागलकडच्या. इशारा कोणत्या राज्याचा यावा, कोणत्या भाषेत यावा? फोनधारकाने निवडलेल्या भाषेत इशारा दाखवण्याची सोय मानकात आहे, पण घरातल्या आजोबांच्या फोनची भाषा इंग्रजीच राहून गेली असेल तर? वाचता न येणाऱ्याला तो इशारा बोलून कसा दाखवावा? मनोऱ्याची बॅटरी दोन तासांत संपत असेल तर कोणते काम बंद ठेवून इशाऱ्यापुरती वीज राखावी? खानापूरच्या जंगलात, कणकुंबी-चोर्ल्याच्या घाटाकडे डोंगर लहरींना आडवे येतात. तेथे खालच्या कंप्रतेची प्रसारणाची लहर कोठवर पोचते आणि मोबाईलची कोठे संपते, याचे प्रत्यक्ष चालत जाऊन मोजमाप करून नकाशा का बनवू नये? यातला एकेक प्रश्न एम.टेक.च्या एका वर्षाला पुरून उरेल. हे प्रश्न मॅसॅच्युसेट्सच्या विद्यार्थ्याला सुचणार नाहीत, कारण तो निपाणीत राहत नाही.

परंतु आपल्या विभागांत विषय निवडले जातात ते कसे? मार्गदर्शकाकडे गेल्या वर्षीचे काही विषय असतात, त्यात एखादा शब्द बदलला जातो. संगणकावर तयार आज्ञावली चालवून चार वक्ररेषा काढल्या जातात आणि "प्रस्तावित पद्धत पूर्वीच्या पद्धतीहून सरस आहे" हे वाक्य शेवटच्या प्रकरणात अवतरते. प्रत्यक्ष लहर मोजणारे उपकरण विद्यार्थ्याने वर्षभरात हातात धरलेलेही नसते. प्रबंध आयते करून देणारी दुकाने मोठ्या शहरांत पाट्या लावून चालतात, हे आता गुपित राहिलेले नाही. पैसे भरून निबंध छापणारी नियतकालिकेही भरपूर आहेत. पीएच.डी.ला प्रबंधाआधी एक निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती असल्याने ती फोफावली. २०२२ च्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने ती सक्ती काढून टाकली हे बरेच झाले. पण सवय नियमाबरोबर जात नाही.

सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. गेट परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत आले आहे, आणि ज्याने गेट दिलेली नाही त्याला तेही नाही. खोलीभाडे आणि खानावळ भागवून त्यातून काय उरणार? त्याच मुलाला बंगळूर वा पुण्याची कंपनी बी.ई.नंतर लगेच नोकरी देत असेल, तर घरच्यांच्या डोळ्यांसमोरून तो पगार बाजूला सारून "मी दोन वर्षे लहरी मोजतो" असे म्हणायला धैर्य लागते. ते धैर्य ज्या मुलामुलींनी दाखवले, त्यांना गेल्या वर्षीचा विषय शब्द बदलून देणे ही आम्हा शिक्षकांची कुचराई आहे.

मग करावे काय? माझ्या मते चार गोष्टी आजच, फारसा खर्च न करता, करता येतील.

पहिली गोष्ट, विभागांच्या भिंती उतरवाव्यात. तिन्ही तंत्रे एक झाली, पण शिकवणारे विभाग अजून तीन आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी लहरी शिकतो, संगणकाचा विद्यार्थी जाळे शिकतो आणि वृत्तविद्येचा विद्यार्थी कार्यक्रम कसा करावा ते शिकतो. तिघे एका उपाहारगृहात चहा पितात, पण एका विषयावर काम करत नाहीत. पूराच्या इशाऱ्याच्या एकाच प्रश्नावर या तिघांनी, आणि त्यांच्या जोडीला मराठी-कन्नडच्या एकेका विद्यार्थ्याने, मिळून वर्षभर काम का करू नये? इशाऱ्याचे वाक्य किती लांब असावे, कोणता शब्द खेड्यातल्या बाईला चटकन कळेल, हे इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा एकटा सांगू शकणार नाही.

दुसरी गोष्ट, उपकरण नाही ही सबब सोडावी. संगणकाला जोडून दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेली एक अंगठ्याएवढी वस्तू मिळते. २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आले की तिच्यातून बऱ्याच रेडिओलहरींचे निरीक्षण करता येते. किंमत काही हजार रुपये. तिच्यासाठी लागणारी 'जीएनयू रेडिओ' ही आज्ञावली फुकट मिळते. दूरचित्रवाणीसाठी बनवलेली वस्तू, संगणकात खोचून, रेडिओ म्हणून वापरायची. यात संगमाचा धडा आयताच आला. अशा चार वस्तू आणि एक भाड्याची जीप एवढ्यावर खानापूर तालुक्याचे मोजमाप होऊ शकते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक पदव्युत्तर प्रबंधाबरोबर दोन पानांचा सारांश मराठीत किंवा कन्नडमध्ये, शक्य तर दोन्हींत, सादर करणे आवश्यक करावे. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर तरी सर्वांना वाचता येतात. एम.टेक.चे प्रबंध बहुधा कपाटातच मरतात. गॅलगरचा प्रबंध तीस वर्षांनी सापडला, कारण तो ग्रंथालयात होता आणि वाचता येत होता. आपले प्रबंध तीस वर्षांनी सापडले तर ते वाळवीला सापडतील. आपल्या भाषेत दोन पाने लिहायची म्हटले की आणखी एक फायदा होतो. ज्याने काही केलेले नाही त्याला ती लिहिता येत नाहीत. इंग्रजी परिभाषेच्या धुक्यात जे लपते, ते मायबोलीत उघडे पडते.

चौथी गोष्ट कायद्याची आणि धोरणाची. संगमासाठी एकच कायदा व एकच आयोग असावा म्हणून २००१ साली लोकसभेत विधेयक आले होते. ते मंजूर न होताच २००४ साली बारगळले. १८८५ चा टेलिग्राफ कायदा जाऊन २०२३ साली नवा दूरसंचार कायदा झाला, तरी दूरसंचाराचे खाते एक आणि माहिती व प्रसारणाचे दुसरे, ही विभागणी कायम आहे. दुसरीकडे, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले आहे. मालमत्ता सर्वांची असेल तर तिचा हिशेब मागण्याचा अधिकारही सर्वांचा आहे. पण हिशेब मागायला हिशेब कळावा लागतो. कंप्रतांचे कोट्यवधींचे लिलाव होतात, तेव्हा खानापूरच्या वाडीला त्यातून काय मिळाले, हे विचारणारा अभ्यासक कोठून येणार? तो आपल्याच वर्गातून यावा लागेल. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न तांत्रिक म्हणून टाळू नये आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी राजकीय म्हणून टाळू नये.

विश्वेश्वरय्यांच्या नावाचे तंत्रविद्यापीठ बेळगावात आहे. साऱ्या कर्नाटकातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचा कारभार येथून चालतो. या गावाला दोन भाषा येतात, किंबहुना कोकणी आणि हिंदी धरल्यास चार. पूर, घाट, जंगल, ऊसपट्टा आणि राज्याची सीमा, असे सगळे प्रश्न पन्नास-साठ मैलांच्या परिसरात एकत्र आलेले आहेत. एवढी समृद्ध प्रयोगशाळा दुसरीकडे पैसे मोजूनही मिळणार नाही. सीमेवर राहण्याचे दुःख आपण आजवर पुष्कळ उगाळले. त्या राहण्यातून एक ज्ञानही मिळते, ते वापरण्याची वेळ आता आली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या जूनमध्ये तुमच्यापैकी कोणी पदव्युत्तर वर्गात जाल आणि विषयांची यादी तुमच्यापुढे येईल. त्या यादीवर सही करण्यापूर्वी एकदा आपल्या मार्गदर्शकांना विचारा, "सर, हा प्रश्न कोणाचा आहे? तो सुटला तर कोणाचे काम अडायचे थांबेल?" उत्तर मिळाले नाही तर एखाद्या पावसाळी रविवारी एस.टी.ने नदीकाठच्या गावी जा, ग्रामपंचायतीत बसा आणि पुराच्या रात्री फोनचे काय झाले, एवढेच लोकांना विचारा. तुमचा विषय तेथे वाट पाहत उभा आहे.